मुरगावच्या नावाची युद्धनौका : आधुनिक विनाशिका कशी आखतात आणि कशी बांधतात

मुरगाव म्हटले की आपल्यासमोर बंदर उभे राहते. धक्क्याला लागलेली जहाजे, खनिजाच्या बार्जी, मागे वास्को शहर. १८ डिसेंबर २०२२ या दिवशी, गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, हेच नाव घेऊन एक युद्धनौका मुंबईत भारतीय नौदलात दाखल झाली. तिचे नाव ‘आयएनएस मोरमुगाव’. ती पहिल्यांदा चाचणीसाठी समुद्रात गेली तो दिवस होता १९ डिसेंबर २०२१, म्हणजे गोवा मुक्तीला साठ वर्षे पूर्ण झाली तो दिवस.

नौकेचे नाव आपल्या ओळखीचे असले तरी अशी नौका तयार कशी होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्या मंडळाच्या काही सभासदांचे आयुष्य वास्कोच्या गोदीत गेले आहे. त्यांच्या तोंडून कामाच्या गोष्टी ऐकताना, हा विषय मराठीत सलग आणि सोप्या भाषेत मांडावा असे आम्हाला वाटले. या लेखात आम्ही ‘मोरमुगाव’ हेच उदाहरण घेतले आहे.

थोडक्यात माहिती

- प्रकार : क्षेपणास्त्रवाहू विनाशिका, ‘प्रकल्प १५ ब’ या मालिकेतील दुसरी नौका
- मालिकेतील इतर नौका : विशाखापट्टणम, इंफाळ, सुरत
- आराखडा : भारतीय नौदलाचा स्वतःचा आरेखन विभाग, नवी दिल्ली
- बांधणी : माझगाव डॉक, मुंबई
- लांबी १६३ मीटर, रुंदी सुमारे १७ मीटर, विस्थापन सुमारे ७,४०० टन
- इंजिने : चार गॅस टर्बाइन, वेग ३० नॉटहून अधिक (ताशी ५५ किलोमीटरहून जास्त)
- कील ठेवली : जून २०१५, जलावतरण : १७ सप्टेंबर २०१६, नौदलात दाखल : १८ डिसेंबर २०२२

गोदीचा वारसा

माझगावला १७७४ साली एक सुकी गोदी बांधली गेली, तिथपासून या जागेचा इतिहास सांगतात. १९३४ मध्ये तिची कंपनी झाली आणि १९६० मध्ये भारत सरकारने ती ताब्यात घेतली. मुंबईत लाकडी जहाजे बांधण्याची परंपरा याहूनही जुनी. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी सागवानी जहाजांत नाव कमावले. त्यांच्या गोदीत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ सालचे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे.

पोलादी युद्धनौकांची विद्या मात्र स्वातंत्र्यानंतर नव्याने शिकावी लागली. माझगाव डॉकने बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ‘नीलगिरी’ १९७२ मध्ये दाखल झाली. तिचा आराखडा ब्रिटिश होता. १९८३ च्या ‘गोदावरी’चा आराखडा आपल्या लोकांनी केला आणि त्यात रशियन व पाश्चात्त्य यंत्रणा एकत्र बसवल्या. पुढे १९९७ मध्ये ‘दिल्ली’, २०१४ मध्ये ‘कोलकाता’ आणि २०२१ मध्ये ‘विशाखापट्टणम’ या विनाशिका आल्या. ‘मोरमुगाव’चे मूळ अंग ‘कोलकाता’वरूनच घेतलेले आहे. आधीच्या नौकेवर जे समुद्रात सिद्ध झाले ते ठेवायचे आणि जे खटकले ते बदलायचे, अशीच ही कामे पुढे जातात.

आराखडा म्हणजे देवघेव

घर बांधताना एक खोली वाढवली तर फार तर खर्च वाढतो. युद्धनौकेत एक वस्तू वाढवली तर वजन, जागा, वीज आणि तोल हे चारही हिशेब बदलतात. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण रडारचे. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रालगत उडणारे क्षेपणास्त्र क्षितिजाच्या वर आल्याशिवाय रडारला दिसत नाही. रडार पाण्यापासून २५ मीटर उंचीवर असेल आणि क्षेपणास्त्र ५ मीटर उंचीवरून येत असेल, तर ते साधारण ३० किलोमीटरवर दिसू लागते. सेकंदाला ३०० मीटर वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राला हे अंतर कापायला शंभर सेकंद लागतात. तेवढ्यात ते ओळखून, निर्णय घेऊन, आपले क्षेपणास्त्र सोडायचे असते. रडार आणखी वर चढवले तर काही सेकंद हाती येतात. पण डोलकाठीवर चढवलेला प्रत्येक टन नौकेचा गुरुत्वमध्य वर नेतो आणि वादळात ती अधिक कलते. ‘मोरमुगाव’च्या डोलकाठीवर चारी दिशांना तोंड करून बसवलेले सपाट रडार आहे. त्याला फिरावे लागत नाही, सगळीकडे एकाच वेळी लक्ष ठेवता येते. त्याच्या वजनाची भरपाई खाली, नौकेच्या पोटात आणि रुंदीत करावी लागते.

दुसरे उदाहरण वेगाचे. नौकेला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे १५ नॉटवरून ३० नॉटवर जायचे तर वेग दुप्पट, पण शक्ती सुमारे आठपट. इंधनही त्याच प्रमाणात जळते. म्हणून विनाशिकेचे अंग मालवाहू जहाजासारखे फुगीर ठेवत नाहीत. ते लांब आणि निमुळते असते. कोकणात जिला ‘नाळ’ म्हणतात ती पुढची बाजू धारदार असते. चार टर्बाइनांपैकी नेहमीच्या प्रवासाला मोजकीच चालू ठेवायची आणि गरज पडली की चारही जोडायची, अशी योजना असते. गॅस टर्बाइन म्हणजे विमानाच्या जेट इंजिनाचे भाऊबंद. ते लहान जागेत मोठी शक्ती देतात आणि थोड्याच वेळात पूर्ण जोरात येतात, पण इंधन भरपूर पितात.

अशी देवघेव प्रत्येक गोष्टीत असते. दारूगोळा वाढवला तर इंधनाची जागा जाते. खलाशांना मोकळी जागा दिली तर यंत्रांची अडचण होते. सुमारे तीनशे माणसे आठवडेच्या आठवडे या पोलादी घरात राहणार असतात. त्यांचे अन्न, पिण्याचे पाणी, झोप आणि औषधपाणी याचाही हिशेब याच आराखड्यात येतो. नौका तीस वर्षे चालणार, मधल्या काळात नवी यंत्रे बसणार, हे धरून वजनाची आणि विजेची थोडी शिल्लकही मुद्दाम ठेवतात.

कमी दिसायचे, कमी ऐकू यायचे

एवढी मोठी नौका अदृश्य होऊ शकत नाही. पण शत्रूच्या रडारला ती लहान गलबताएवढी वाटली, तरी शत्रूचा गोंधळ होतो आणि आपल्याला वेळ मिळतो. म्हणून तिच्या बाजू सरळ उभ्या न ठेवता तिरप्या ठेवतात. त्यामुळे रडारचे किरण आले त्या दिशेला परत न जाता दुसरीकडे जातात. डेकवरच्या होड्या, दोरखंड, नांगराचे सामान शक्य तितके झाकून घेतात. क्षेपणास्त्रे डेकखाली उभ्या नळ्यांत ठेवलेली असतात. जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या लक्ष्यांसाठी १६ ब्रह्मोस आणि आकाशातून येणाऱ्या धोक्यांसाठी ३२ बराक-८. वरून पाहिले तर फक्त झाकणे दिसतात.

उष्णता हाही एक माग असतो. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत थंड हवा मिसळून तो माग कमी करतात. पाण्याखाली मुख्य शत्रू म्हणजे आवाज. पाणबुडी नौकेला कानांनी शोधते. म्हणून हादरणारी यंत्रे रबरी बैठकांवर ठेवतात. पंख्याची पाती अशी घडवतात की पाण्यात बुडबुडे उशिरा फुटावेत, कारण त्या बुडबुड्यांचाच आवाज दूरवर जातो. पोलादी नौका चुंबकासारखी वागते आणि चुंबकीय सुरुंगांना जागे करते. तो परिणाम पुसण्यासाठी नौकेच्या अंगात तारांची वेटोळी फिरवून त्यांतून वीज सोडतात.

मार बसल्यावर तरंगत राहणे

युद्धनौका आणि प्रवासी जहाज यांतला मोठा फरक इथे आहे. मार बसणारच, हे धरून ती आखलेली असते. आडव्या पोलादी भिंतींनी तिचे अनेक जलरोधक कप्पे पाडतात, म्हणजे एक-दोन कप्प्यांत पाणी शिरले तरी ती तरंगते. वीजनिर्मिती एका जागी न ठेवता विभागतात. महत्त्वाच्या तारा दोन वेगळ्या बाजूंनी नेतात. विषारी वायू किंवा किरणोत्सर्ग यांच्यापासून बचावासाठी नौका आतून बंद करून आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवता येतो, म्हणजे फटीतून हवा आत न येता बाहेर जाते.

पण भिंती आणि पंप एकटे नौका वाचवत नाहीत. माणसांना सराव लागतो. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ या नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत यासाठी एक हलणारी कृत्रिम नौका आहे. तिच्या भिंतीतून पाणी आत घुसते, जमीन कलते आणि प्रशिक्षणार्थींनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ती भोके बुजवायची असतात. अशी प्रशिक्षणयंत्रे आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डनेही तयार केली आहेत.

पोलाद आणि ठोकळे

युद्धनौकेचे पोलाद साधे चालत नाही. ते मजबूत हवे, थंड पाण्यात आणि स्फोटाच्या धक्क्यातही तडकू नये असे हवे आणि त्याला वेल्डिंग नीट बसायला हवे. पूर्वी असे पोलाद रशियाहून आणावे लागे. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने आणि स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाने मिळून ‘डीएमआर २४९ ए’ हे पोलाद तयार केले. विमानवाहू ‘विक्रांत’ त्याच पोलादाची, आणि ‘मोरमुगाव’सुद्धा.

गोदीत आलेल्या पत्र्यांवर आधी छर्ऱ्यांचा मारा करून गंज काढतात आणि लगेच रंगाचा पहिला हात देतात. संगणकाने ठरवून दिलेल्या रेषेवर यंत्र ते पत्रे कापते. संगणक येण्याआधी हेच आकार मोठ्या सभागृहाच्या जमिनीवर खऱ्या मापात आखून घेत. वाकडे भाग दाबयंत्रावर आणि काही ठिकाणी ज्योतीने तापवून, मग पाण्याने थंड करून वळवतात. हे शेवटचे काम अजूनही हातचे आहे. किती तापवले की पत्रा किती वळेल, हे अनुभवी कारागिरालाच उमगते.

पत्र्यांना आतून फासळ्या जोडून मोठे ठोकळे तयार होतात. ते उलटे ठेवून वेल्डिंग करतात, कारण डोक्यावर हात धरून केलेल्या वेल्डिंगपेक्षा खाली पाहून केलेले वेल्डिंग चांगले होते. प्रत्येक महत्त्वाचा सांधा क्ष-किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी तपासतात. मग क्रेनने एकेक ठोकळा बांधणीच्या उतारावर नेऊन शेजारच्या ठोकळ्याला जोडतात. जोडण्याआधीच ठोकळ्यात जितके नळ, तारांचे मार्ग आणि यंत्रांच्या बैठका बसतील तितके चांगले. जे काम मोकळ्या कारखान्यात सहज होते, तेच बंद कप्प्यात वाकून करायला कितीतरी जास्त वेळ लागतो.

जलावतरण : अर्धी वाट

१७ सप्टेंबर २०१६ रोजी नौदलप्रमुखांच्या पत्नी रीना लांबा यांच्या हस्ते ‘मोरमुगाव’चे जलावतरण झाले. जलावतरणाची वेळ भरतीवर ठरते. नौकेचे वजन खालच्या ठोकळ्यांवरून वंगण लावलेल्या सरकत्या पाटांवर घेतात, अडसर काढतात आणि नौका स्वतःच्या भाराने पाण्यात उतरते.

वर्तमानपत्रात हा फोटो पाहिला की नौका तयार झाली असे वाटते. प्रत्यक्षात या मालिकेतील नौका पाण्यात उतरल्या तेव्हा त्यांचे वजन तीन हजार टनांच्या आसपास होते. पूर्ण सज्ज नौकेच्या निम्म्याहूनही कमी. इंधन आणि दारूगोळा सोडला तरी पुष्कळ काही बसायचे बाकी असते. तोफा, क्षेपणास्त्रांच्या नळ्या, रडार, सोनार, संगणक, स्वयंपाकघर, रुग्णालय आणि या सर्वांना जोडणाऱ्या मैलोगणती तारा. ‘मोरमुगाव’ला यासाठी पुढची सहा वर्षे लागली.

याच टप्प्यात धोकाही जास्त असतो. अरुंद कप्प्यांत एकीकडे वेल्डिंग, दुसरीकडे रंग, तिसरीकडे तारा ओढण्याचे काम चालू असते. २१ जून २०१९ रोजी बांधणी चालू असलेल्या ‘विशाखापट्टणम’ नौकेवर आग लागली आणि एका कंत्राटी कामगाराला प्राण गमवावे लागले. नौका दाखल होते त्या दिवशी भाषणे होतात आणि पाहुण्यांची नावे छापून येतात. तिच्या पोटात घाम गाळणाऱ्यांची आठवण त्याच वेळी ठेवायला हवी, असे आम्हाला वाटते.

चाचण्या

तयार नौकेचा तोल खरोखर आराखड्याप्रमाणे आहे का, हे पाहण्याची रीत साधी आहे. शांत पाण्यात नौका उभी करून डेकवरची ठरावीक वजने एका बाजूकडून दुसरीकडे सरकवतात आणि नौका किती कलली ते लंबकाने मोजतात. त्यावरून गुरुत्वमध्य निघतो. त्यानंतर धक्क्याला बांधूनच इंजिने चालवून पाहतात. मग गोदीचे आणि नौदलाचे लोक एकत्र समुद्रात जातात. पूर्ण वेग, एकदम थांबणे, उलट जाणे, तीव्र वळणे, सर्व करून पाहतात. शस्त्रांच्या चाचण्या नौदलात दाखल झाल्यावरही चालू राहतात. ‘मोरमुगाव’ने आपले पहिले ब्रह्मोस मे २०२३ मध्ये डागले.

पाच नौका, पाच कालावधी

कील ठेवल्यापासून दाखल होईपर्यंत किती वेळ लागला, ते पाहा :

- कोलकाता (आधीची मालिका) : सप्टेंबर २००३ ते ऑगस्ट २०१४, जवळजवळ ११ वर्षे
- विशाखापट्टणम : ऑक्टोबर २०१३ ते नोव्हेंबर २०२१, ८ वर्षे
- मोरमुगाव : जून २०१५ ते डिसेंबर २०२२, साडेसात वर्षे
- इंफाळ : मे २०१७ ते डिसेंबर २०२३, साडेसहा वर्षे
- सुरत : नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२५, ५ वर्षांहून थोडा अधिक काळ

कील ठेवण्याआधी किती ठोकळे तयार होते, यावर हे आकडे थोडे अवलंबून असतात. तरी कल स्पष्ट आहे. ‘कोलकाता’च्या वेळी पोलादाचा पुरवठा, आराखड्यातील बदल आणि नव्या क्षेपणास्त्र-यंत्रणेला लागलेला वेळ, यांनी काम लांबवले. नंतर पोलाद देशात मिळू लागले आणि तीच माणसे तेच काम पुन्हा करू लागली. सुरतेच्या वेळेस ‘हा नळ इथून नेऊ नये’ हे ठाऊक असणारा माणूस गोदीत हजर होता.

आमच्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. नौदलाच्या आरेखन विभागातील नकाशे कपाटात जपून ठेवता येतात. वेल्डरचा हात, जोडणाऱ्याची नजर, चाचणी घेणाऱ्याचा कान मात्र जपून ठेवता येत नाही. काम थांबले की ही माणसे पांगतात आणि पुढच्या नौकेला पुन्हा पहिल्यापासून किंमत मोजावी लागते. ‘सुरत’ ही या मालिकेतील शेवटची नौका. पुढच्या मोठ्या नौका वेळेवर हाती आल्या, तरच या दहा-बारा वर्षांत कमावलेले टिकेल.

परावलंबन संपलेले नाही, हेही नोंदवले पाहिजे. या नौकांत सुमारे ७५ टक्के घटक स्वदेशी असल्याचे सरकारने सांगितले आहे. पण त्यांची मुख्य टर्बाइन युक्रेनची आहेत. २०२२ मध्ये तिथे युद्ध पेटल्यावर इंजिने आणि सुटे भाग यांची चिंता देशाला करावी लागली. पोलादाच्या बाबतीत जे जमले ते इंजिनाच्या बाबतीत जमायचे आहे.

गोव्यापुरते पाहिले तर ही विद्या आपल्या दारातही आहे. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये ‘त्रिपुट’ या फ्रिगेटचे जुलै २०२४ मध्ये आणि ‘तवस्य’ या फ्रिगेटचे मार्च २०२५ मध्ये जलावतरण झाले. आकाराने त्या विनाशिकेपेक्षा लहान, पण त्यांनाही वर सांगितलेल्या सर्व पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्या मुलामुलींपैकी कुणाला यंत्र, धातू किंवा वीज यांत गोडी असेल, तर घराजवळचे हे क्षेत्र त्यांच्या नजरेस आणून द्यावे, अशी आमची पालकांना विनंती आहे.

काही शब्दांचे अर्थ

- विनाशिका : विमाने, जहाजे आणि पाणबुड्या या तिन्हींशी लढू शकणारी मोठी, वेगवान युद्धनौका.
- फ्रिगेट : विनाशिकेसारखीच, सहसा तिच्यापेक्षा लहान युद्धनौका.
- विस्थापन : नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. हेच नौकेचे वजन असते.
- कील : नौकेच्या तळाचा मधला कणा. ‘कील ठेवणे’ म्हणजे बांधणीचा समारंभपूर्वक आरंभ.
- जलावतरण : नौकेचे अंग पहिल्यांदा पाण्यात उतरवणे.
- नॉट : समुद्रावरील वेगाचे माप. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.
- सोनार : पाण्यात ध्वनीच्या साहाय्याने वस्तू शोधण्याचे यंत्र.